पार्बतामायची उपडी टोपली

पार्बताबाई. हे नाव आधी लिहून ठेवते, काय झालं ते मग सांगते. मला काही सांगायचं म्हटलं की मध्येच धडधडायला लागतं, आणि धडधडलं की मी नावं गाळून नुसतं ‘कोणीतरी’ म्हणते. पार्बताबाई कोणीतरी नव्हती. माझी पोरगी जगली आणि माझं काम टिकलं, ते तिच्यामुळे.

आम्ही मराठी बाया तिला पार्बतामाय म्हणायचो, छत्तीसगढी बाया दाई, म्हणजे आईच, म्हणायच्या. बाकीच्यांनी पार्बताबाईच म्हणायचं, असा तिचा कायदा होता. भिलाईचा पोलाद कारखाना उभा करायला आलेल्या रशियन इंजिनीयरांसाठी एक वसतिगृह बांधलं होतं. त्याच्या मागच्या धुलाईघरात ती सुरुवातीपासून कामाला होती. तिथला हजेरीबाबू सगळ्या बायांना "ए बाई, इधर" म्हणून बोलवायचा. बाकीच्या जायच्या. ही जागची हलायची नाही. बाबू समोर येऊन उभा राहिला तरी चादरीच्या कोपऱ्याला कोपरा लावत राहायची.

"बहरी है क्या?"

"नाई. नाव आहे मले," ती म्हणायची. "माह्या मायनं ठेवलं. तुमच्या मायनं तुमचं ठेवलं, तसंच."

बाबूनं चिडून तिची गैरहजेरी लावली. दुसऱ्या दिवशी परत लावली. ती रोज येऊन रोज काम करत राहिली आणि कोण थकतं ते बघत राहिली. शेवटी एका सकाळी "पार्बताबाई" अशी हाक आली. तेव्हा ती "जी बाबूजी" म्हणून अशी लगबगीनं गेली, की तिच्याइतकी ऐकणारी बाई अख्ख्या भिलाईत नसेल.

ती हिंदी सगळी समजायची, बोलायची मात्र मराठीच. "मी त्याहिची शिकली ना? आता त्याहिनं माही शिकावी." आणि खरं सांगते, शिकले. बाबूच्या तोंडात ‘क्यों’च्या जागी "कावून" यायला लागलं होतं.

दिसायला ठेंगणी, रुंद खांद्याची. मनगटं पुरुषासारखी. कपाळावर कुंकू नव्हतं, हिरवं गोंदण होतं. सकाळी गुडाखूची, म्हणजे तिकडच्या गूळ-तंबाखूची, बोटभर मिश्री दातांना लावून ती थोडा वेळ गप्प बसायची. तेवढ्या वेळात तिच्याशी कोणी बोलायचं नाही. कपडा वाळला की नाही हे ती हातानं पाहायची नाही. गालाला लावायची. "हात खोटं बोलते," म्हणायची. "हाताले सवय होते. गालाले नाई होत." रशियन साहेबाची चादर असो की माळ्याचा पंचा, गालाला लावल्याशिवाय घडी पडायची नाही.

धुलाईघरात प्यायच्या पाण्याचे दोन माठ होते. एक मोठा, सगळ्यांचा. दुसरा कोपऱ्यात, काठाचा टवका उडालेला. तो पार्बतामायसाठी आणि तिच्या लोकांसाठी, असं कोणी बोललं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं. पार्बतामाय नागपूरला जाऊन धर्म घेऊन आली होती, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसायची. तिनं भांडण केलं नाही. एका सकाळी तिनं कोपऱ्यातला माठ पालथा केला, आतून पुसला आणि त्यात कपडे धुवायचा सोडा काठोकाठ भरला. मग मोठ्या माठात पेला बुडवला आणि सगळ्यांच्या समोर सावकाश पाणी प्यायली.

"पोत्यात सोडा ओला होऊन राहिला होता," ती म्हणाली. "आता कोनाले येगळं प्याचं असन, त्यानं त्याच्यातलं प्यावं."

कोणी प्यायलं नाही. प्यायचा माठ एकच राहिला.

माझी आणि तिची गाठ पडली खुर्सीपारच्या नळावर. माझं माहेर भंडाऱ्याकडलं. चौथीत शाळा सुटली, कारण घरी धाकटा भाऊ झाला आणि त्याला धरायला कोणी नव्हतं. मग लग्न. नवरा खलाशी म्हणून इकडे आला, लोखंडी खांब उचलून उभे करणाऱ्या टोळीत. ठेकेदाराचं काम असलं की असायचं, नसलं की नसायचं. आम्ही खुर्सीपारला पत्र्याच्या झोपडीत राहत होतो. पोरगी झाली ती भर पावसाळ्यात. सासू नाही, माय लांब. झड लागली होती, सारखी भुरभुर. लंगोट वाळत नव्हते. ओलसर लंगोट बांधून बांधून पोरीच्या मांड्या सोलवटल्या होत्या आणि छाती घरघरायला लागली होती. मी नळावर लंगोट पिळत होते आणि रडत होते. रडते आहे हे मला समजलंही नव्हतं.

"कावून व रडून राहिली?"

मी वर पाहिलं. गोंदण, गुडाखूचे काळे दात, डोक्यावर घागर.

"लेकराचे कपडे वाळत नाहीत."

"मायेर कुठी?"

"भंडाऱ्याकडं."

"सासू?"

"नाही."

"शाळा?"

"चौथीपर्यंत."

"चार बुकं शिकली अन् लंगोटापायी रडते!" तिनं घागर खाली ठेवली, माझ्या हातातला पिळा घेतला आणि असा पिळला की मी दिवसभर पिळून न निघालेलं पाणी त्यातून निघालं. "चाल. लेकरू घे. मी आहो ना."

‘मी आहो ना’ हे ती सगळ्यांना सगळ्या गोष्टींसाठी म्हणायची. चूल पेटत नसली तरी, दुर्गची गाडी चुकली तरी. ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं, कारण ती मोठी कोण होती? धुलाईघरातली बाई. पण मग ती खरंच असायची.

तिच्या शब्दावर मी धुलाईघरात लागले, पोरीसकट. आमच्यात लेकुरवाळ्या बाया आणखी होत्या. फुलबासन नावाची छत्तीसगढी बाई होती, आधी वीटकामावर रेजा, म्हणजे बिगारीण, होती. तिचं पोर रांगायचं. मागच्या पडवीत गोणपाटावर पोरं निजायची आणि आम्ही आत चादरी धुवायचो. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पार्बतामायनं ते चालू केलं होतं आणि कोणी बंद केलं नव्हतं, एवढंच.

आत एक मोठं मशीन होतं कपडे सुकवायचं. पेट्यांमधून बाहेरदेशाहून आलं होतं. आत लोखंडी पिंप फिरायचं, म्हणून आम्ही त्याला ढोल म्हणायचो. विजेवर हवा तापायची, कपडे त्यात गरगर फिरायचे आणि त्यांची वाफ पंखा मागच्या पत्र्याच्या नळीतून बाहेर ढकलायचा. मशीन पुढच्या भिंतीला होतं. तिकडं रशियन पाहुण्यांचा जेवायचा व्हरांडा. जेवणात वाफ नको म्हणून नळी वर नेली होती, छताखालून लांब फिरवली होती, आणि वळसे घेत घेत मागच्या पडवीत जमिनीजवळ तिचं तोंड काढलं होतं. त्या तोंडातून दिवसभर ऊन ऊन हवा यायची.

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवतात. निखाऱ्यांवर ओवा टाकतात आणि वर बांबूची टोपली उपडी घालतात. टोपलीवर बाळाचे लंगोट, झबली, दुपटी पसरतात. ऊब टोपलीच्या भोकांतून येते, कपडे वाळतात, ओव्याचा वास लागतो. हे मी माझ्या भावाच्या वेळी केलेलं. पार्बतामायनंही केलेलं. विदर्भातल्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही.

पार्बतामायनं नळीच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाली, "हे पाह्य. फुकटची शेगडी."

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून टोपली आणली. नळीच्या तोंडावर उपडी घातली, सुतळीनं बांधली आणि माझ्या पोरीचे लंगोट तिच्यावर पसरले. दुपारपर्यंत खडखडीत. मी लंगोट गालाला लावला आणि मला पुन्हा रडू आलं. ती म्हणाली, "झालं हिचं सुरू. ओलं असलं तरी रडते, वाळलं तरी रडते."

पोरीच्या मांड्या बऱ्या झाल्या. छातीची घरघर गेली. मग फुलबासनच्या पोराची झबली आली, मग बाकीच्यांची. टोपली कधी रिकामी नसायची.

पार्बतामाय लहानपणी गावाकडच्या एका जिनिंगात सरकी वेचायची. कापूस तिच्या हाडात होता. ढोलाच्या दारातल्या जाळीवर कपड्यांचा राखाडी कापूस बसायचा, तो ती फेकायची नाही. गोळा करून, उन्हं पडली की वाळवून, तिनं माझ्या पोरीला उशी शिवून दिली. "बाई, रशियाच्या चादरीवर निजते तुही पोरगी," म्हणाली. "चवथी नापास मायच्या पोटी येऊन काय थाट आहे पाह्य."

"नापास नाही, सुटली," मी म्हणाले.

"हां, मंग ठीक आहे."

जिनिंगातलं ती सगळं सांगायची. एक सोडून. तिथं एकदा आग लागली होती. ‘आग लागली होती’ इतकंच सांगून ती उठून दुसऱ्या कामाला लागायची.

भादव्यात ढोल बिघडला. म्हणजे फिरत होता, तापत होता, पण कपडे निघायचे गरम आणि ओले. एका घाण्याला लागायचा तेवढ्या वेळात अर्धंही वाळेना. कधी तर तापून आपोआप बंद पडायचा. पाहुण्यांना दमट चादरी जायला लागल्या. बाबू म्हणाला, बाया नीट पिळत नाहीत. आम्ही मनगटं सुजेपर्यंत पिळलं. मग म्हणाला, जास्त भरता. आम्ही कमी भरलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याची टोळी त्या महिन्यात बसून होती. हे काम गेलं तर मला गावी जावं लागलं असतं, आणि गावी मला कोणी बोलावलेलं नव्हतं.

एका सकाळी पार्बतामायनं मला ढोलाजवळ ओढलं. "वास घे."

मी घेतला. "इस्त्रीचा आहे."

"इस्त्री बंद आहे व."

तिनं मेन स्विच खाली ओढला, स्टूल घेतलं आणि स्विचच्या खाली बसली. बाबू धावत आला, मग मॅनेजर साहेब आले. साहेब वाईट नव्हते. त्यांच्यावरही कोणी होतं आणि ओल्या चादरींचं बोलणं त्यांनाच खावं लागत होतं.

"मशीन क्यों बंद है? चालू करो, हीट बढ़ाओ।"

"गरमी लय आहे त्याच्यात," पार्बतामाय म्हणाली. "वारा नाई. कापसाले गरमी देता अन् वारा नाई देत. मी नाई लावत. तुमाले लावाचं असन तर मले उचलून लावा."

तिला उचलायला कोणी पुढं आलं नाही. साहेबांनी चष्मा पुसला. मग ते नळी कुठं जाते हे पाहत पाहत मागच्या पडवीत गेले. आम्ही त्यांच्या मागं.

तिथं नळीच्या तोंडावर टोपली. टोपलीवर माझ्या पोरीचे लंगोट, ओळीनं.

मग बाबू हसला. "यह है आपका वारा, साहब!"

मी म्हणाले, "लंगोट माझ्या…" आणि पार्बतामायचा पाय माझ्या पायावर पडला, असा की पुढचं वाक्य आतच राहिलं. ती खाली बसली. सुतळी सोडली. टोपली उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला राखाडी कापूस थरावर थर बसला होता, घोंगडीसारखा जाड. ओल्या लंगोटांनी तो भिजून घट्ट झाला होता. एकाही भोकातून उजेड दिसत नव्हता.

तिनं अंगठ्यानं तो थर दाबून पाहिला. जाळीवरचा कापूस रोज काढणारी बाई, पण टोपलीची आतली बाजू पाहायचं आमच्यात कोणाला सुचलं नव्हतं. शेगडीवरच्या टोपलीला आतून कधी काही लागत नाही ना.

मग ती उठली आणि टोपली साहेबांसमोर धरली.

"टोपली माही. मीच आनली, मीच बांधली, मीच त्याचा गळा आवळला. दुसऱ्या कोनाले इचारू नका."

साहेब म्हणाले, "सोमवार से बच्चेवाली औरतें काम पर नहीं आएँगी। बस।" आणि वळले.

पार्बतामायनं गोणपाटावरून माझी पोरगी उचलली, पुढं होऊन साहेबांच्या हातात दिली. त्यांनी घेतली, कारण न घेतली असती तर पडली असती.

"मान धरा, मान. अशी नाई, खालून. हां. आता सांगा इले तोंडावर, का सोमवारपासून येऊ नको."

साहेब अवघडून उभे. पोरगी त्यांच्या चष्म्याकडे टक लावून पाहत होती. पण त्यांचं मन असं एकदम विरघळलं वगैरे काही नाही. त्यांनी पोरगी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "मुझे सूखी चादरें चाहिए। मशीन चलेगी तो सोचेंगे।"

"सोचेंगे नाई. सांगा."

"शनिवार तक मशीन ठीक चली तो बच्चे रहेंगे। नहीं चली तो नहीं।"

"आयकलं व सगळ्याहिनं?" ती आमच्याकडं वळून म्हणाली. "साहेबाचा शब्द आहे."

टोपली निघाली, पण ढोल काही सुधरला नाही. नळीच्या तोंडाशी हात धरला तर म्हाताऱ्या माणसानं फुंकर मारावी तितकीच हवा. तेव्हा नायर मिस्त्रींना बोलावलं. केरळचे. कारखान्यात हवेच्या मोठमोठ्या नळ्यांवर काम करायचे. सारखे चिडलेले असायचे, पण हात थांबायचे नाहीत. त्यांनी टोपलीची हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"अम्मा, ये मशीन का नाक है। आप नाक पे टोकरी बाँध दिया!"

"बांधली ना, आता सोडली," पार्बतामाय म्हणाली. "आता शिंकरा त्याले."

मिस्त्रींनी वीज तोडली, शिडी लावली, छताखालचे नळीचे जोड एकेक करून सोडले. पहिल्या वळणात कापूस. दुसऱ्यात त्याहून जास्त, गादीत भरतात तसा दाबून बसलेला, काही जागी करपून पिवळा पडलेला. तो पिवळा कापूस पाहून पार्बतामाय शिडीपासून दूर गेली, भिंतीला हात लावून उभी राहिली. मी पाण्याचा पेला नेला. तिनं घेतला नाही. "जिनात असाच होता," म्हणाली. "आदल्या दिवशी." आणि परत शिडीशी येऊन उभी राहिली.

मिस्त्रींच्या लांब तारेच्या ब्रशानं आणि आमच्या बांबूला बांधलेल्या काथ्यानं मिळून नळ्या साफ झाल्या. मिस्त्री आणि पार्बतामाय एकमेकांवर ओरडत होते, ते मल्याळी हिंदीत, ती मराठीत, आणि काम मात्र एकाच वेळी पुढं सरकत होतं. नळ्या परत जोडल्या, मशीन लावलं. हवा आली. पण मिस्त्री मान हलवत राहिले. इतकी लांब नळी, इतके वळसे. कापूस पुन्हा त्याच जागी बसणार. नळी आखूड पाहिजे, सरळ पाहिजे. आणि सरळ काढली की वाफ पाहुण्यांच्या जेवायच्या व्हरांड्यात.

"मंग नळी कावून फिरवता?" पार्बतामाय म्हणाली. "ढोल फिरवा ना."

मिस्त्रींनी तिच्याकडं पाहिलं. मग मशीनकडं, मग मागच्या भिंतीकडं. मग पहिल्यांदा हसले. "वजन देखा है इसका? कौन फिराएगा?"

फुलबासननं पदर खोचला. "हमन का मर गे हन?" म्हणाली, आम्ही काय मेलोय का. रेजा असताना तिनं मशीनं सरकवताना पाहिली होती. लोखंडी नळ्यांचे तुकडे आणवले, पहारीनं ढोल जरासा उचलून त्याखाली सारले, आणि आम्ही सगळ्या बाया पाठीमागून भिडलो. पार्बतामाय आरोळी देत होती, आम्ही ‘हैसा’ म्हणत होतो. पडवीत पोरं आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती. मागून निघालेली नळी उचलून पुढं न्यायची, पुन्हा सारायची. असा तो ढोल पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत आला. मिस्त्रींनी साहेबांना विचारून भिंतीला भोक पाडलं, विजेची तार नवीन ओढली आणि हातभर लांबीची सरळ नळी पडवीत काढली. तोंडाला पत्र्याची हलकी झडप लावली: हवा आली की उघडेल, बंद झाली की पडेल, उंदीर-चिमणी आत जाणार नाही.

शनिवारी मशीन लावलं. आम्ही सगळ्या पडवीत झडपेकडं पाहत उभ्या होतो. झडप आधी थरथरली. मग उचलली गेली आणि आडवी झाली ती आडवीच राहिली. हवेनं फुलबासनचा पदर उडाला.

पार्बतामायनं घाणा संपायच्या आधीच दार उघडायला लावलं, उशीचा अभ्रा ओढला आणि गालाला लावला. डोळे मिटले. मग तो अभ्रा तिनं साहेबांच्या पुढं धरला. "लावा गालाले."

साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि लावला.

त्यांनी शब्द पाळला. पोरं राहिली. नायर मिस्त्रींनी जाता जाता झडपेच्या एका बाजूला भिंतीत एक लोखंडी दांडी ठोकून दिली. "बच्चा लोग का कपड़ा इस पर। उस पर नहीं। इस पर।" त्या दांडीला हवेची झुळूक लागायची, आणि झडप मोकळी राहायची. लंगोट टोपलीपेक्षा जरा सावकाश वाळायचे, पण वाळायचे. जाळी रोज, आणि नळी दर आठवड्याला पुसायची, हे काम आम्ही आपसात वाटून घेतलं.

इथं गोष्ट संपली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं.

करपलेल्या कापसाची बातमी वर गेली होती. वरून साहेबांना विचारणा झाली: जबाबदार कोण? साहेबांनी पार्बतामायला बोलावलं. मी दाराशी होते. ते अजिबात रागानं बोलले नाहीत. म्हणाले, माफी माग, गोष्ट मिटेल. नाहीतर मला तुला ठेवता येणार नाही.

"माफी कायची?"

"टोकरी की।"

"टोपली ठेवली ते चुकलं. ते मी त्याच दिवशी सांगतलं, सगळ्याहिच्या समोर. आजबी सांगतो, चुकलं. पन लेकराचे कपडे वाळवले ते नाई चुकलं. तुमी दोन्हीची एकच माफी मांगून राहिले."

साहेबांनी समोरचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, "एक ही बात है, पार्बताबाई।"

"नाई साहेब. एक नाई."

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. म्हटलं, माय, म्हणून टाक ना, शब्दच तर आहे. मी जाऊन सांगते लंगोट माझे होते.

"तू सांगशीन तर तुले काढतीन, अन् तुही पोरगी पुन्हा ओल्यात निजन. मंग मी कायले भांडली?" तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला, पण हळू. "अन् शब्दच आहे मनते. चार बुकं शिकून हे शिकली?"

त्याच दिवशी ती निघाली. तिचा मुलगा रेल्वेत होता, चरोद्याला क्वार्टर मिळालं होतं, तिकडं जाणार होती. सामान म्हणजे एक गाठोडं, गुडाखूची डबी आणि ती टोपली. टोपली तिनं घासून स्वच्छ केली होती. भोकांतून उजेड येत होता. आम्ही फाटकापर्यंत गेलो. फाटकावरचा शिपाई छत्तीसगढी होता, नवाच, बाहेर जाणाऱ्या सगळ्यांचं सामान पाहायचा.

"टुकनी मा का हे, दाई?"

"काय नाई," पार्बतामाय म्हणाली. "पाहून घे." आणि टोपली उपडी करून डोक्यावर घातली.

शिपाई हसला. आम्हीही हसलो, रडता रडता. ती हसली नाही. बुरबुर पाऊस होता. तशीच टोपली डोक्यावर घालून, गाठोडं काखेत मारून, लाल चिखलाच्या रस्त्यानं ती ताठ चालत गेली. वळणाशी थांबली. मला वाटलं, मागं वळून पाहील. तिनं टोपली जरा सरळ केली आणि गेली.

त्यानंतरही मी धुलाईघरातच आहे. आता सेक्टर सहामध्ये आमचं छोटं क्वार्टर आहे, नवरा कारखान्यात कायम झाला. पोरगी शाळेत जाते आणि तिची शाळा काही चौथीत सुटणार नाही. पडवीतली दांडी अजून आहे, तिच्यावर आता दुसऱ्या बायांचे लंगोट असतात. नवीन बाया मला विचारतात, इथं लेकरं आणायची परवानगी कोणी दिली? मी नाव सांगते. गाळत नाही.

परवा चरोद्याहून येणारी एक बाई सांगत होती, पार्बताबाईचे गुडघे धरलेत, नळावर जाता येत नाही, सुनेवर खेकसते. मी काळजी करणारी बाई आहे. रात्रभर मला तेच दिसत राहिलं. माय, तू मला एवढं केलंस आणि माझ्याकडून साधं पाणीही घेतलं नाहीस. पण म्हातारपण आलं की माणसाचे कपडे लेकरासारखे पुन्हा दुसऱ्या कोणाला तरी वाळवावे लागतात, आणि पावसाळा काही भिलाईतून जाणार नाही. तुझी ती वेळ आली की तू सुनेला हाका मारत बसू नको. मी चरोद्याला येईन. तुझी लुगडी पिळीन, वाळवीन, गालाला लावून पाहीन. तू नको नको म्हणशील, मी ऐकणार नाही. मी आहो ना.